खबर न दिलेला मृत्यू

नोकरीत हाताखालून गेलेली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोरीतला कुठला आरोपी, हे सांगताना माझी गल्लत होते. एक प्रकरण मात्र वेगळं राहिलं. त्यातली माणसं मला आजही समोर बसल्यासारखी दिसतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी परळ-लालबाग भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, नाहीतर हरताळ. सकाळी हजेरी झाली की निम्मी माणसं बंदोबस्तावर जायची आणि ठाण्यात एक ठाणे अंमलदार, दोन हवालदार आणि तक्रारी घेऊन आलेली माणसं उरायची. मी गिरगावातला. माझा सख्खा मेहुणा सत्याग्रह करून तुरुंगात गेला होता, आणि मी खाकी घालून त्याच घोषणा देणाऱ्या लोकांसमोर उभा राहत होतो. लोक आमच्याशी बोलत नसत. पानवाला पान द्यायचा, पण नजर वर करायचा नाही.

अशाच एका हरताळाच्या दिवशी लालबागला दगडफेक झाली. आम्ही अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. दुपारी रस्ता शांत झाल्यावर एका गिरणीच्या मागच्या गल्लीत लोकांना एक तरुण माणूस पडलेला सापडला. त्यांनी त्याला उचलून इस्पितळात नेलं, पण तो आधीच मेलेला होता. काळाचौकीच्या चाळीत राहणारा, लग्न झालेला, त्याच गिरणीच्या पॉवरहाउसमध्ये वायरमन म्हणून काम करणारा. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या गिरणगावात एकच बातमी झाली, की पोलिसांनी आणखी एक माणूस मारला.

इस्पितळात पंचनामा मी केला. अंगावर लाठीचा वळ नव्हता, गोळीचा तर प्रश्नच नव्हता, कारण त्या दिवशी गोळी चाललीच नव्हती. उजव्या तळहातावर मात्र एक करडा, कडक डाग होता, कडा जळल्यासारख्या. दुसरी गोष्ट पायांची. चपला नव्हत्या, आणि गल्लीतही कोणाला सापडल्या नव्हत्या. ती गल्ली मी पाहिली होती. गटाराचं पाणी, राख, गिरणीचा तेलकट चिखल. तिथून अनवाणी पळणाऱ्या माणसाचे तळवे जसे व्हायला हवेत तसे ते नव्हते. ते स्वच्छ होते. हा माणूस त्या गल्लीत चालत आलाच नव्हता. त्याला कोणीतरी आणून ठेवलं होतं.

पोलीस सर्जननी मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं. मी माझा संशय आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांना सांगितला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तुमचं बरोबर असेलही. पण आज आपण म्हटलं की हा विजेच्या धक्क्याने गेला, तर ऐकणार कोण? आपण आपलं पाप झाकतोय असंच म्हणतील. उद्या अंत्ययात्रा आहे. ती नीट पार पडू द्या."

त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला रस्ता फुलून गेला होता. तिरडीवर फुलांचे ढीग होते. कोणीतरी त्याच्या नावापुढे 'हुतात्मा' असा फलक धरला होता. आम्ही बाजूच्या गल्ल्यांत, दिसणार नाही अशा बेताने उभे होतो. एखादा दगड आला असता तर तिथे आणखी माणसं मेली असती. सगळं सुरळीत पार पडलं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

त्यानंतर मी गिरणीत चौकशीला गेलो. मॅनेजरने सांगितलं की हरताळाच्या दिवशी गिरणी पूर्ण बंद होती आणि हा माणूस कामावर नव्हता. पॉवरहाउसच्या हेड फिटरनेही तेच सांगितलं. दोघांचे शब्द इतके सारखे होते की मला ते खटकलं. खरं बोलणारी दोन माणसं एकच गोष्ट वेगवेगळ्या टोकांनी सांगतात. पण खटकण्यावर केस उभी राहत नाही. अकस्मात मृत्यूचे कागद माझ्या टेबलावर तसेच पडून राहिले.

आठवडाभराने, सकाळी उशिरा, त्या मेलेल्या माणसाची बायको ठाण्यात आली. एकटीच. ठाणे अंमलदार तिला ओळखून उभा राहिला, कारण अंत्ययात्रेत तिला सगळ्यांनी पाहिलं होतं. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. ती पाणी प्याली नाही. पेला तिने बाजूला सरकवला. मग मालवणीतच बोलली.

"साहेबानू, माझो घोव मोर्चाक गेलोच नाय. त्येका सकाळीच कामार बोलवन नेल्यानी."

हळूहळू तिने सगळं सांगितलं. हरताळाच्या सकाळी हेड फिटर घरी आला होता. गिरणी बंद असली तरी पॉवरहाउस चालू ठेवायचं होतं, कारण तिथली वीज आजूबाजूच्या चाळींना आणि काही छोट्या कारखान्यांना जात असे. तिचा नवरा तयार नव्हता. हरताळ मोडला तर चाळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं तो म्हणाला होता. हेड फिटरने सांगितलं की वीज बंद झाली तर चाळींचा पाण्याचा पंप बंद पडेल, बायाबापड्या पाण्याला महाग होतील. मग तो मागच्या बाजूने, कोणाला दिसणार नाही असा गेला. तो परत आला तो लोकांच्या खांद्यावरून.

हे ती आजवर का बोलली नव्हती, ते विचारायची मला गरज वाटली नाही. बोलली तर तिचा नवरा हुतात्मा उरत नव्हता. उलट हरताळ मोडणारा फितूर ठरत होता. त्या चाळीत तिला आयुष्य काढायचं होतं. मी एवढंच विचारलं, की मग आजच का आलात.

"लोक माका हुतात्म्याची बायल म्हणतत. आयकाक बरा वाटता," ती म्हणाली. "पण गिरणीवाल्यांनी माझ्या दिराक त्येच्या जाग्यार घेतल्यानी. आजपासना तो थंयच उभो रवतलो. दुसरो पण गेलो, तर तेंच्या आवशीक मी काय सांगू?"

घरी म्हातारी सासू होती, आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ दुपारच्या पाळीला विजेच्या त्याच बोर्डावर लागणार होता. मोठ्या मनाने मेलेल्याच्या जागी त्याच्या भावाला नोकरी दिली, म्हणून गिरणीचं चाळीत कौतुक चाललं होतं.

मी ताबडतोब सरकारच्या विद्युत निरीक्षकांच्या कचेरीत फोन लावला. फोनवर आलेले गृहस्थ सावकाश, जोखून बोलणारे होते. त्यांनी जे सांगितलं ते तोवर मला माहीत नव्हतं. स्वतःच्या पॉवरहाउसमधून बाहेरच्यांना वीज विकायची तर सरकारची परवानगी लागते. वर्षाचं विवरणपत्र द्यावं लागतं, तपासणीची फी भरावी लागते, आणि विजेने माणूस दगावला तर त्याची लेखी खबर ताबडतोब निरीक्षकांना द्यावी लागते. खबर आली की ते जागेवर जातात, यंत्र तपासतात आणि धोका असेल तर वापर थांबवतात. या गिरणीकडून कसलीही खबर आली नव्हती. उलट, बाहेर वीज पुरवण्याच्या परवानगीचं नूतनीकरण त्यांच्यापुढे होतं. मागच्या तपासणीत त्यांनी एका बोर्डाचं अर्थिंग, म्हणजे फुटलेली वीज जमिनीत उतरवणारी तार, दुरुस्त करायला बजावलं होतं. दुरुस्ती झाल्याचं गिरणीने कळवलं होतं. ते म्हणाले, मी निघतो, पण फोर्टातून यायला वेळ लागेल, वाटेत मोर्चा आहे.

मी पॉवरहाउसच्या इंजिनिअरला आणि हेड फिटरला ठाण्यात बोलावून घेतलं. इंजिनिअर तोपर्यंत माझ्यासमोर आले नव्हते. अपघातानंतर ते रजेवर होते, दादरला घरी. शिपाई त्यांना घेऊन आला. चाळिशीचे, स्वच्छ कपड्यांतले, हळू आवाजाचे. दोघांना मी वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. हेड फिटरने आधीचंच पाठ म्हणून दाखवलं. मी त्याला तसंच सोडलं. घाबरलेल्या माणसाला थोडा वेळ एकटं बसू दिलं की तो स्वतःशीच वाद घालायला लागतो.

इंजिनिअर मात्र घाबरलेले दिसत नव्हते. त्यांनी सांगितलं की आमच्या जागेत कोणताही अपघात झालेला नाही, सरकारकडे सगळी विवरणपत्रं वेळेवर गेली आहेत, तपासणीची फी भरलेली आहे. फीची पावती कोणत्या कपाटात आहे, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. माझ्या अनुभवात, माणूस न विचारलेल्या गोष्टीचा पुरावा देऊ लागला की विचारलेली गोष्ट त्याच्या घशात अडकलेली असते. मी तळहातावरच्या डागाबद्दल विचारलं. त्यांनी मला माहीत नाही म्हटलं. चपलांबद्दल विचारलं. तेही माहीत नाही. त्यांच्या कपाळावर घाम नव्हता, पण दोन्ही हात त्यांनी मांडीखाली धरले होते, थंडीत धरतात तसे.

दरडावून, टेबलावर हात आपटून त्यांना बोलतं करता आलं असतं. पण तो शिकलेला माणूस होता. दरडावल्यावर त्याने वकील मागितला असता आणि दुपार निघून गेली असती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाळी बदलायची वेळ जवळ आली होती. मी माझे कागद मिटले आणि त्यांना म्हटलं, "साहेब, आता मी काही विचारत नाही, सांगतो. तुमच्या मॅनेजरनी मेलेल्याच्या धाकट्या भावाला कामावर घेतलंय. आज त्याचा पहिला दिवस आहे."

त्यांनी विचारलं, "कुठल्या बोर्डावर?"

"भावाच्याच."

त्यांनी मांडीखालचे हात काढले. "त्याला तिथून काढा," ते म्हणाले. "आधी त्याला काढा, मग मी सगळं लिहून देतो. त्या बोर्डाची पेटी जिवंत आहे, वीज पेटीतच उतरलीय. हात लावला तर सुटायचा नाही."

गिरणीला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. आम्ही जीपमध्ये बसलो, इंजिनिअर, मी, एक हवालदार, आणि मागे ती बाई. तिला मी घरी जायला सांगितलं होतं, पण ती उतरली नाही. नाक्यावर पोहोचलो आणि जीप थांबली. समोर मोर्चा होता. कडेपासून कडेपर्यंत माणसं, वर फलक, घोषणांनी कान बधिर झाले होते. पोलिसांची गाडी दिसताच पुढची माणसं वळली. बॉनेटवर एकाने हात आपटला. 'खुनी' असा शब्द मी स्पष्ट ऐकला.

गर्दीतून वाट काढायची तर लाठी चालवावी लागली असती, आणि लाठी चालवली असती तर त्या दिवशी आणखी कोणाच्या तरी दारात तिरडी उभी राहिली असती. वळसा घालायला वेळ नव्हता. मी खाली उतरलो तर मला चार पावलंही टाकू देणार नाहीत, हे दिसत होतं.

तेवढ्यात ती बाई उतरली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ गर्दीत शिरली. पहिल्या रांगेतल्या माणसाने तिला ओळखलं. त्याने मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. घोषणा त्या जागेपुरत्या थांबल्या. माणसं बाजूला झाली, काहींनी हात जोडले. तिने वळून इंजिनिअरांकडे आणि माझ्याकडे बोट दाखवलं आणि लोकांना सांगितलं की हे माझ्याबरोबर आहेत, यांना येऊ द्या. कोणी काही विचारलं नाही. मी त्या अरुंद वाटेने तिच्या मागोमाग चाललो. दोन्ही बाजूंना माझ्या बाह्यांना माणसं लागत होती, आणि एकाही माणसाने मला हात लावला नाही. नवऱ्यामुळे जो मान तिला मिळाला होता, तो ती त्याच दिवशी गमावणार होती, आणि हे त्या सबंध रस्त्यात तिला, मला आणि इंजिनिअरांना, अशा तिघांनाच माहीत होतं.

गिरणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. इंजिनिअरांनी त्याला ढकलून दिलं. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नसावं. पॉवरहाउसमध्ये यंत्रांचा इतका आवाज होता की हाक मारून उपयोग नव्हता. धाकटा भाऊ एका लोखंडी पेटीसमोर उभा होता. हातात पुसायचं फडकं होतं. पेटीपुढे जमिनीवर, धक्का लागू नये म्हणून, एक लाकडी फळी टाकलेली होती. अपघातानंतर गिरणीने केलेली दुरुस्ती एवढीच. तो फळीवरून खाली उतरून पेटीची बाजू पुसायला वाकत होता.

इंजिनिअर त्याच्याकडे धावले नाहीत. ते उलट दिशेला, मुख्य स्विचकडे धावले आणि त्यांनी तो खाली ओढला. सगळं बंद पडलं. इतकी शांतता झाली की बाहेरच्या मोर्चातल्या घोषणांमधले शब्द ऐकू आले. पोराचा हात पेटीवर टेकलेला होता. त्याने वळून पाहिलं, आणि दारात वहिनी उभी दिसल्यावर तो गोंधळला. ती तिथेच, दाराला धरून, खाली बसली.

थोड्या वेळाने विद्युत निरीक्षक आले. पंचांसमक्ष बोर्ड तपासला. अर्थिंगची तार जमिनीजवळ तुटून लोंबत होती; वर मात्र नवा रंग दिला होता. बोर्डाला त्यांनी सील लावलं आणि बाहेरचा पुरवठा थांबवला. कपाटातली फीची पावती इंजिनिअरांनी सांगितलेल्या जागीच होती. निरीक्षकांनी ती हातात घेतली, पाहिली आणि परत ठेवली. "फी घेतो ती आम्ही येऊन बघायची," एवढंच ते म्हणाले. "काही झालं तर आम्हाला कोणी कळवायचं, हे फीमध्ये येत नाही."

इंजिनिअरांनी शब्द पाळला. त्यांच्या जबाबात सगळं आलं. बोर्डाची दुरुस्ती यंत्रं थांबवल्याशिवाय होण्यासारखी नव्हती, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांची वीज बंद करायला मॅनेजर तयार नव्हता. म्हणून दुरुस्ती झाली असं कळवून टाकलं. अपघात झाला तेव्हा ते स्वतः हजर होते. खबर द्यायला ते निघाले, तर मॅनेजरने सांगितलं की आधी परवानगीचं काम होऊ द्या, आठवड्याने माणूस काही जास्त मरत नाही. बाहेर अश्रुधूर चालू होता. हेड फिटरने आणि आणखी एकाने मागच्या दाराने त्याला गल्लीत नेऊन ठेवलं. हेड फिटरला मी इंजिनिअरांचा जबाब दाखवला तेव्हा तो रडायलाच लागला. चपला त्याने भट्टीत टाकल्या होत्या.

मुंबईत त्या काळी अशा मृत्यूची कॉरोनरची चौकशी असे, ज्युरीसमोर. ज्युरीत बाहेरची माणसं होती, पोलिसांवर विश्वास नसलेली. त्यांना पोलीस सर्जनचं मत पटलं नसतं, माझं तर नाहीच. त्यांना पटली ती बाई. पुढे भोईवाड्याच्या कोर्टात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आणि पुरावा नाहीसा केल्याचा खटला चालला. इंजिनिअर आणि हेड फिटर यांना शिक्षा झाली. खबर न दिल्याबद्दल वेगळा दंड झाला. मॅनेजर सुटला, कारण त्याने जे सांगितलं ते तोंडी होतं. नियमात तो बसत नव्हता. अशी माणसं क्वचितच बसतात.

खटल्यात बचावाच्या वकिलाने त्या बाईला विचारलं होतं, की तुमच्या नवऱ्याने लोकांशी फितुरी करून हरताळ मोडला, हे खरं ना? ती म्हणाली, "तो चाळीक पाणी देऊक गेलेलो."

तरी चाळीत तिला सोपं गेलं नाही. काही महिने शेजारणी तिच्याशी बोलत नव्हत्या. नंतर हळूहळू बोलू लागल्या. लोक कोणालाही फार काळ हुतात्मा ठेवत नाहीत आणि फितूरही ठेवत नाहीत. त्यांना रोजचं जगायचं असतं.

पोलिसाला नियम दोन प्रकारचे दिसतात, मोडले की लगेच कोणीतरी ओरडणारे आणि मोडले तरी कोणाच्याच कानावर न जाणारे. विजेचा अपघात झाला की कळवा, हा दुसऱ्या प्रकारातला. मलाही आधी तो सरकारी टपालाचा एक जादा कागद वाटला असता. त्या दुपारी मला समजलं, की अशी खबर मेलेल्या माणसासाठी नसतेच. ती त्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या पुढच्या माणसासाठी असते. पुढे मी जिथे जिथे गेलो, तिथे कारखान्यातला अकस्मात मृत्यू नोंदवताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: त्याच्या जागेवर आता कोण काम करतंय?

राहिला धाकटा भाऊ. गिरणीने त्याला ठेवलं नाही. घरात दोन बायका, म्हातारी आई आणि वहिनी, आणि कमावणारं कोणी नाही. तो माझगावच्या गोदीत मिळेल ते काम करू लागला. त्याला आमचा राग होता. लागलेली नोकरी घालवली, वर भावाचं नाव घालवलं, असं त्याचं म्हणणं. पुढे कित्येक वर्षं परळ-लालबागला कधी समोर आलो तर तो मान फिरवून रस्ता ओलांडायचा. त्याचे केस पिकायला लागलेले मी पाहिले, कडेवर पोर पाहिलं, मग बोटाला धरलेलं पोर पाहिलं. मी कधी त्याला थांबवलं नाही. माझ्यावर राग धरायला तो जिवंत होता, मला तेवढं पुरेसं होतं.